घरच्या स्टिरिओवर इक्वलायझर कसा लावावा

इक्वलायझर म्हणजे खालच्या स्वरांपासून वरच्यांपर्यंतचा आवाज पट्ट्यांत वाटून प्रत्येक पट्टा वेगळ्या सरकत्या दांडीने, म्हणजे स्लायडरने, कमी-जास्त करणारं यंत्र. ते घरी आलं की बहुतेक जण पहिल्याच संध्याकाळी दोन्ही टोकांचे स्लायडर वर ढकलतात आणि मधले खाली ओढतात. मीही अनेक वर्षं तसंच ऐकत होतो. पाच मिनिटं मजा वाटते, मग गाणारा माणूस तबल्याच्या मागे जाऊन बसलाय हे जाणवायला लागतं. गाण्याचा जीव मधल्या पट्ट्यांत असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 139 कंपनांवर, येतो, तार षड्ज 277 वर, आणि शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः 1,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. तिथेच खड्डा पाडला तर उरतं काय? म्हणून खालची सगळी पद्धत कमी करण्याची आहे, वाढवण्याची नाही.

स्लायडरला हात लावण्याआधी स्पीकर हलवा. आपल्या घरांत ते शोकेसच्या कप्प्यात किंवा कोपऱ्यात जातात, आणि भिंतीलगत खालचे स्वर फुगतात, कोपऱ्यात तर फारच. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या स्वरांचा लहान भोंगा, तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला यावा, आणि दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या खुर्चीपर्यंत असावं. मग एक टाळी वाजवा. टाइल्स आणि उघड्या भिंतींमधून झणझण ऐकू आली तर सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा. ती झणझण म्हणजे मागाहून परत येणारा आवाज. इक्वलायझरने ती जात नाही.

जोडणी सोपी आहे. अॅम्प्लिफायरच्या मागे टेप मॉनिटरची, म्हणजे टेपरेकॉर्डर जोडायची, जागा असेल तर तिथल्या आउटमधून इक्वलायझरच्या इनपुटला वायर न्या, इक्वलायझरच्या आउटपुटमधून टेपच्या इनला परत आणा आणि पुढचं टेप मॉनिटरचं बटण दाबा. ती सोय नसेल तर सीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसवा. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये मात्र कधीही नाही.

आता सगळे स्लायडर शून्यावर ठेवून खोली ऐका. भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा, त्याची दुप्पट करा आणि 343 ला त्या आकड्याने भागा. येईल त्या कंपनसंख्येवर खोली स्वतःच घुमते. 12 फुटांना साधारण 47 हर्ट्झ, 10 फुटांना 56. रुंदी आणि उंची दोन्ही 10 फूट असतील तर 56 वर दुहेरी मार बसतो. खात्रीसाठी फोनवर टोन जनरेटरचं अॅप घ्या, आवाज लहान ठेवा आणि 30 पासून 200 हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. कुठेतरी शोकेसची काच थरथरेल. दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरवर त्याच्या सर्वांत जवळचा स्लायडर, बहुधा 63 चा, तीन-चार डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) खाली आणा. उलट एखाद्या जागी आवाज जवळपास नाहीसा होईल. तिथे स्लायडर वर करून उपयोग नाही, कारण परतलेली लाट मूळ लाटेला खोडते आहे आणि जितकं जास्त द्याल तितकं जास्त खोडलं जाईल. खुर्ची फूटभर पुढे-मागे करून पाहा.

यानंतरचं काम खरं कानाचं. तुम्हाला पाठ असलेलं एखादं ध्वनिमुद्रण लावा, शक्यतो तंबोरा, तबला आणि एकच आवाज असलेलं. डग्ग्याकडे लक्ष द्या. ‘घे’ वाजवून मनगट दाबत नेलं की स्वर चढत जातो. त्या चढणीत एकाच जागी आवाज एकदम फुगला, तर ती वादकाची करामत नव्हे, तुमची खोली आहे. 63 किंवा 125 पैकी ज्याने ती चढण सपाट होते तो खाली घ्या. पुढे एकेक स्लायडर सहा डेसिबल वर नेऊन ऐका आणि परत शून्यावर आणा. जिथे वर नेल्यावर आधीपासूनच खुपणारी गोष्ट जास्त खुपली, तो पट्टा दोन-तीन डेसिबल कमी करा. गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं ते 250 ते 500 मुळे, हार्मोनियम टोचते ती बहुधा 4,000 पाशी, आणि ‘स’, ‘श’ शिट्टीसारखे येतात ते 8,000 च्या आसपास.

प्रत्येक बदलानंतर इक्वलायझर वगळून मूळ आवाज ऐकवणारं बायपासचं बटण दाबून तुलना करा, पण दोन्ही वेळा आवाज सारखा मोठा ठेवून. कानाला मोठं तेच चांगलं वाटतं आणि इथेच सगळ्यांची फसगत होते.

वाढवायचंच असेल तर हिशोब लक्षात ठेवा. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद, दहा म्हणजे दहापट. 4 वॉटवर वाजणाऱ्या खर्जाला दहा डेसिबल दिले की 40 वॉट लागतात. अॅम्प्लिफायर 25 चा असेल तर आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाने ट्वीटर जळतात.

मी स्वतः फक्त रात्री वाढवतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये ते मोजून दाखवलं. शेजारी झोपलेले असताना 63 आणि 125 दोन-तीन डेसिबल वर घेतले की डग्गा परत येतो. लाउडनेसचं बटणही हेच काम करतं, त्यामुळे दोन्ही एकदम नकोत.

78 आरपीएमच्या तबकड्यांवर 16,000 पाशी खरखरीशिवाय जवळपास काही नसतं, म्हणून तो स्लायडर बिनधास्त खाली ओढा. 8,000 ला मात्र जपून हात लावा. खरखर कमी होताना तंबोऱ्याच्या जवारीची चमकही जाते, आणि मला विचाराल तर थोडी खरखर परवडली.

सगळं जमलं की स्लायडरचा फोटो काढून ठेवा. घर झाडताना ते हलतातच.