रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटत होते, शेवटी सुटलं

एलपीची पहिली गाणी एकदम स्वच्छ, पण सुई मधल्या लेबलजवळ आली की आवाज फाटायचा, 'स' आणि 'श' तर कानाला टोचायचे. रेकॉर्ड धुतल्या, नवीन स्टायलस (सुई) घातली, प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) बदलून पाहिला, काही फरक नाही. चार महिने शेवटचं गाणं लागायच्या आधीच सुई उचलायचो, जाम वैताग.

घोळ कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते तो छोटा भाग) अलाइनमेंटचा होता, म्हणजे ते खाचेला सरळ बसलं नव्हतं. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेमी सरकते, आत जेमतेम 21, म्हणून आत थोडा तिरकेपणाही ऐकू येतो.

आधी अँटीस्केट (सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून असलेलं सेटिंग) शून्यावर आणून टोनआर्म (सुईचा दांडा) तरंगता बॅलन्स केला, मग सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन काट्यावर मोजून 2 ग्रॅम (तुमच्या कार्ट्रिजचं जे असेल ते). हेडशेलचे (दांड्याचं टोक, जिथे कार्ट्रिज बसतं) स्क्रू सैल करून प्रोट्रॅक्टरवर (रेघा आखलेला मापपट्टा) रेकॉर्डच्या मध्यापासून 66 आणि 120.9 मिमी, दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेघांना समांतर येईपर्यंत सरकवलं, एक जमलं की दुसरं हलतं, धीर धरा. स्क्रू आलटून पालटून घट्ट केले, वजन परत मोजलं (हे विसरू नका, कार्ट्रिज सरकलं की बदलतं) आणि शेवटी अँटीस्केट 2 वर.

काल शेवटच्या गाण्यात गायिकेने ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू आला, डोळे भरून आले.