हात लांब करायची साधना

योहान २१:१८ मध्ये प्रभू येशू पेत्राला म्हणतो, तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिकडे जात होतास; म्हातारा झालास की हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. पुढच्याच वचनात योहान सांगतो की हे पेत्राच्या मरणाविषयी होतं. तरी ठाण्यात रविवारी सकाळी उपासनेला निघताना सून खाली वाकून सासऱ्यांच्या सॅंडलचा पट्टा लावते, तेव्हा ते वचन जसंच्या तसं डोळ्यांपुढे असतं. उतारवयाची साधना सुरू करायची ती या पट्ट्यापासून.

रीत साधी आहे. अजून स्वतःला जमतं असं एक काम निवडा आणि आठवड्यातून एकदा ते दुसऱ्याकडून करून घ्या. नखं कापणं, माळ्यावरचा डबा काढणं, बॅंकेचा फॉर्म भरणं, काहीही चालेल. जमत असतानाच मदत घ्यायची, कारण जमेनासं झाल्यावर घेतलेली मदत हार वाटते आणि माणूस चिडचिडा होतो. मदत एकदाच मागावी, वेळ सांगून मागावी, आणि समोरचा ज्या पद्धतीने करील ती मान्य करावी. त्याने घडी घातलेला टॉवेल तो गेल्यावर उलगडून पुन्हा घालायचा नाही. चाळीस दिवसांच्या उपवासापेक्षा हे अवघड आहे, करून बघा. ‘मी कुणाला त्रास देत नाही’ हे वाक्य चर्चच्या मंडळीत फार कौतुकाने बोललं जातं. बहुतेक वेळा तो अभिमानच असतो, आणि स्टुलावर चढून बल्ब बदलताना तो खुब्याचं हाड मोडून घेतो.

हाताला काम कमी झालं की मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेला जागा होते. लूक २:३७ मधली हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती आणि रात्रंदिवस मंदिरात प्रार्थना करत होती. तिच्या वाटेने जायचं तर एक वही घ्या. सात पानं, सात वार, पानावर पाच नावं. म्हणजे आठवड्याला पस्तीस माणसं होतात. त्यात फक्त नातवंडं नकोत. कामवाल्या ताई, सोसायटीचा वॉचमन आणि ज्यांच्याशी बोलणं बंद आहे असा निदान एक जण हवा. वेळ बीपीच्या गोळीला बांधा, मग विसरत नाही. नाव मोठ्याने घ्या, डोळे उघडे ठेवा. मिटले की पाचव्या नावाआधी डुलकी लागते. प्रत्येकासाठी एकच वाक्य. दुसरं सुरू झालं की प्रार्थनेची तक्रार होते, विशेषतः मुलाच्या नावापाशी.

पहाटे तीनला जाग येते तेव्हा दिवा लावू नका, मोबाइल तर नकोच. दहा बोटं, दहा नावं. झोप लागली तर लागली, राहिलेली बोटं उद्या.

मंडळीतलं पद सोडायला तीन महिने लागतात. क्वायर असो, संडे स्कूल असो की खजिनदारी, पहिल्या महिन्यात नवा माणूस बघतो, दुसऱ्यात तो करतो आणि तुम्ही शेजारी बसता, तिसऱ्यात तुम्ही मागच्या बाकावर. किल्ल्या, रजिस्टर आणि बॅंकेतली सही तिन्ही एकाच दिवशी द्या. एक किल्ली स्वतःकडे राहिली की पद सुटलेलं नसतं, हे सगळ्यांना दिसतं.

उपवासाचं थोडक्यात. कॅथोलिक नियमात राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेचा उपवास वयाच्या अठराव्या वर्षापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंतच बंधनकारक आहे. त्यानंतर हट्टाने उपाशी राहून मधुमेहाची गोळी तेवढी घेतली, तर साखर सत्तरच्या खाली जाऊन चक्कर येऊ शकते. मांस वर्ज्य करा, टीव्ही वर्ज्य करा, जेवण नको. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेण्याआधीची एक तास उपाशी राहण्याची अटही वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही.

मृत्युपत्र हाही साधनेचा भाग, आणि इथे ख्रिस्ती घरांत एक चूक वारंवार होते. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, म्हणून घरातल्याच मुलाला आणि सुनेला उभं केलं जातं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६७ नुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेला वाटा रद्द होतो. मृत्युपत्र टिकतं, वाटा जातो. हे कलम हिंदूंच्या मृत्युपत्राला लागू नाही, म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. साक्षीदार बाहेरचे घ्या, वयाने आपल्यापेक्षा लहान.

मुलगा घोडबंदर रोडला, आईवडील नेरूळला आणि गुडघे जिना उतरू देत नाहीत, अशी वेळ आली की चर्च ऑफिसात नाव देऊन ख्रिस्तशरीर घरी मागवा. आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर येणाऱ्याचं नाव सांगून ठेवा. छोट्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि अर्धा पेला पाणी ठेवा. पंखा बंद करा, ज्योत विझते. गिळायला त्रास असेल तर आधी सांगा. लहान तुकडा पाण्याबरोबर देता येतो, तेही जमत नसेल तर फक्त द्राक्षारस.

रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, मात्र आयसीयूची वाट बघून मागायचा नसतो. गंभीर आजार नसला तरी म्हातारपणाने प्रकृती बरीच खालावली असेल तर तो घेता येतो, आणि पुढे आजार बळावला तर पुन्हाही. उशीर केला की माणूस शुद्धीवर नसतो, पापनिवेदन राहून जातं आणि फादरना बघून घरचे रडू लागतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याकोब ५:१४ प्रमाणे पाळकांना आणि मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना (एल्डर) घरी बोलवावं. फादर तेल कपाळाला आणि तळहातांना लावतात, म्हणून स्वेटरच्या बाह्या आधीच वर सरकवून ठेवा, सलाइनची सुई कुठल्या हाताला आहे ते सांगा, आणि हात उताणे करून मांडीवर ठेवा.