डायलिसिसच्या रुग्णासाठी एकच वही

किडनीतज्ज्ञ, डायलिसिस टेक्निशियन, शुगरचे डॉक्टर आणि घरचे लोक यांना जोडते ती एक वही. पाठपोट दोनशे पानी घ्या. पहिल्या पानावर ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन), रक्तगट, हिपॅटायटिस बीच्या लसीच्या डोसांच्या तारखा आणि चालू गोळ्या लिहा. पुढे प्रत्येक डायलिसिसआधीचं व नंतरचं वजन, बीपी आणि किती तास झाले ते.

आठवड्याला तीन वेळा, चार-चार तास हे सर्वसाधारण प्रमाण. अर्धा तास आधी सुटायची सवय लागली की पाणी साठतं आणि दम लागतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात खरी कसोटी पाण्याची. चोवीस तासांत होणारी लघवी अधिक अर्धा लिटर, एवढंच द्रव. चहा, ताक, आमटीही त्यातच मोजा. खारट खाल्लं की तहान आवरत नाही, म्हणून कडक भाकरीसोबत शेंगाचटणी नको. तिच्यात मिठाबरोबर पोटॅशियम आणि फॉस्फरसही असतं. ‘लो सोडियम’ मीठ तर घरातच आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. जेवणातला फॉस्फरस रक्तात जाऊ न देणारी गोळी जेवतानाच घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही.

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. त्या हातावर बीपी, इतर कुठली सुई, घट्ट बांगडी नको. रोज सकाळी बोटांनी तिथली थरथर तपासा. ती थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी सेंटर गाठा.

महात्मा फुले योजनेसाठी (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का, आधीच पाहा.