सिंकच्या कडेला सिलिकॉन भरायचंय? आधी सांधा कोरडा करा

आमच्या खानापूर भागात जूनला पाऊस लागला की किचन कट्टा आणि टाईल्स यांच्यामधली फट काळी पडायला लागते, मग घरातलं कोणीतरी जुन्या सिलिकॉनवरच नवीन ओढून मोकळं होतंय आणि दोन महिन्यात ते रबरासारखं सोलून हातात येतंय. मी पण पहिल्यांदा हेच केलंवतं. नवीन सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट धरतच नाही, त्यामुळं आधी कटरनं जुनं सगळं काढायचं, अगदी पातळ पापुद्रा सुद्धा ठेवायचा नाही.

मग साबणानं घासून तेलकटपणा घालवा आणि सुकू द्या. खरं काम हेच हाय बघा. सिलिकॉन हवेतल्या ओलीनंच घट्ट होतंय, म्हणून पावसाळी हवेनं काही बिघडत नाही, पण फटीत पाणी राहिलं तर ते चिकटतच नाही. पावसाळ्यात मी रात्रभर सिंक वापरायचं बंद ठेवतो, सकाळी हेअर ड्रायर फिरवतो, आणि शेवटी स्पिरिटच्या फडक्यानं पुसून तेही उडून जाऊ देतो. स्पिरिट वापरताना गॅस बंद पाहिजे, आणि ड्रायर त्याच्या आधीच, नंतर नाही.

दुकानात मागताना नुसतं सिलिकॉन द्या म्हणू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं अ‍ॅसिटिक असतंय, ते काच आणि टाईल्सला ठीक, पण मार्बलला डाग पाडतंय आणि सिमेंटला नीट धरत नाही. कट्टा दगडाचा असेल तर न्यूट्रल, म्हणजे तसा व्हिनेगरचा वास न येणारं घ्या, त्यातही बुरशी न धरणारं सॅनिटरी. रंग मारायचा असेल तिथं सिलिकॉन नकोच, त्यावर पेंट बसत नाही.

आता फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप सरळ लावा. ट्यूबचं नोझल, म्हणजे पुढची प्लास्टिकची चोच, तिरकं, 45 अंशात कापा, भोक फटीपेक्षा जरासं मोठं, जास्त कापलं की सगळा बट्ट्याबोळ. ट्यूब बसवून दाबायची गन एकाच वेगानं ओढत न्या, मध्ये थांबू नका, आणि टोकाला आलं की मागची पत्ती दाबून प्रेशर सोडा नाहीतर ते येतच राहतंय.

लगेच साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकाच ओढीत फिरवा. पाणी अगदी कमी, पुढच्या रिकाम्या फटीत थेंब गेला तर तिथं सिलिकॉन धरणार नाही, म्हणून भरून झाल्यावरच बोट ओलं करायचं. दहा-पंधरा मिनिटात वर साय धरते, त्याच्या आत टेप काढा, तिरकी आणि बाहेरच्या बाजूला ओढत. साय धरल्यावर काढली की कड फाटलीच म्हणून समजा, मग कितीही बोट फिरवा, सरळ होत नाही.

दिवसाला साधारण 2-3 मिलिमीटर आतपर्यंत घट्ट होतंय, म्हणून निदान 24 तास तिथं पाणी नको, फट खोल असेल तर दोन दिवस. तोवर भांडी मोरीत घासायची, घरात आधीच सांगून ठेवा.