ट्युबा विमानातून न्यायचाय? आधी केसकडे बघा

ट्युबा म्हणजे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. तिकीट काढायच्या आधी त्याच्या केसची, म्हणजे पेटीची, लांबी-रुंदी-उंची मोजा आणि ट्युबा आत ठेवून वजन करा. बऱ्याच एअरलाइन्स चेक-इन बॅगेसाठी तिन्ही मापांची बेरीज 158 सेंमी आणि इकॉनॉमीत वजन 23 किलो धरतात, आणि हार्ड केसमधला ट्युबा मापात तर बसतच नाही, वजनातही बऱ्याचदा वर जातो. त्यामुळे ओव्हरसाइजचे पैसे भरायचे आहेत असंच धरून चाला. फक्त 32 किलोच्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढचा नग बऱ्याच ठिकाणी सामान म्हणून घेतच नाहीत, कार्गोने पाठवा म्हणतात.

मग एअरलाइनला फोन करून केसची मापं सांगा आणि ती बुकिंगवर नोंदवून घ्या, आणि कनेक्टिंग असेल तर प्रत्येक फ्लाइटचं विमान कुठलं आहे तेही विचारा, कारण पहिल्या मोठ्या विमानात केस आरामात जाते आणि पुढच्या छोट्या विमानाच्या सामानाच्या दारातून ती आतच जात नाही. जमलं तर डायरेक्ट फ्लाइटच घ्या, थोडी महाग पडली तरी, जितक्या कमी वेळा उचल-ठेव तितकं बरं.

शेजारची सीट विकत घ्यायचा पर्याय युफोनियम किंवा फ्रेंच हॉर्नसारख्या लहान पितळी वाद्यांना चांगला आहे. मोठा ट्युबा सीटवर नीट बसत नाही, त्याला खाली सामानातच जावं लागतं.

आता पॅकिंग, खरं काम इथेच आहे. ‘फ्रॅजाइल’ स्टिकर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. केस आपटली की सगळ्यात आधी चेपते ती बेलची (वाद्याच्या रुंद तोंडाची) कड आणि दुसरा नंबर नळीच्या खालच्या मोठ्या वळणाचा, म्हणून बेलची कड केसच्या भिंतीला कुठेच टेकता कामा नये, कडेभोवती टॉवेल, स्वेटर असं काहीतरी घट्ट भरा. केस बंद करून हलवून बघा, आत जराही हललं तर परत उघडा आणि अजून भरा. माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) केसमध्ये मोकळा अजिबात ठेवू नका, तो आतल्या आत आपटून पोचे पाडतो, हँडबॅगेत घ्या. स्लाइड्स, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्या, पूर्ण आत ढकला. व्हॉल्व्हना (बोटांनी दाबायच्या झडपांना) निघायच्या आधीच ऑइल करून घ्या आणि बाटली घरीच ठेवा, ते बहुतेक पेट्रोलियमवालं असतं आणि ज्वलनशील सामान विमानात चालत नाही, तिथे पोचून नवीन घ्या. गिग बॅगमध्ये, म्हणजे मऊ कापडी पिशवीत, घालून चेक-इन? कृपा करून नको.

सिक्युरिटीवाले केस उघडू शकतात, म्हणून झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: कसं बाहेर काढायचं, कसं परत ठेवायचं, सोबत नीट ठेवलेल्याचा फोटो. काउंटरवर देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तिथे ‘लिमिटेड रिलीज’ टॅगवर सही मागितली तर आधी वाचा, त्यात नुकसानीची जबाबदारी एअरलाइन स्वतःवरून काढून घेत असते.

उतरल्यावर केस बहुतेक ओव्हरसाइजच्या वेगळ्या जागी येते, ती तिथेच उघडा, बाहेर पडायच्या आधी. पोचा दिसला तर बॅगेज काउंटरवर लगेच लेखी रिपोर्ट करा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कन्व्हेन्शन (एअरलाइनच्या भरपाईबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असेल तर तक्रारीला सामान मिळाल्यापासून 7 दिवस असतात, आणि 28 डिसेंबर 2024 पासून भरपाईची मर्यादा प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण 2,000 डॉलर. चांगला ट्युबा याच्या कितीतरी पट महाग असतो, त्यामुळे वाद्याचा वेगळा विमा निघायच्या आधीच काढा आणि सीरियल नंबर, बिल मोबाइलमध्ये ठेवा.