गव्हाच्या पहिल्या पाण्याआधी हेड उघडा: जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीटबद्दल

सोयाबीन निघालं की पलेव्याची (पेरणीआधीच्या पाण्याची) घाई सुरू होण्याआधी थोडी उसंत मिळते. इंदूरजवळच्या देपालपूर-सांवेरकडे ज्यांच्या विहिरीवर अजून जुनं डिझेल इंजिन आहे, त्यांनी याच दिवसांत त्याचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, बघून घ्यावं. गव्हाला पेरणीनंतर २०-२१ दिवसांनी पहिलं पाणी लागतं. तेव्हा वीज नसली आणि इंजिनही बसलं, तर लेथवाल्याकडे रांग लावून काही उपयोग नाही.

खूण सोपी आहे. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) सेट करूनही पुन्हा पुन्हा कमी होतो का? लोक म्हणतात टॅपेट झिजलं. अहो, टॅपेट झिजलं असतं तर गॅप वाढला असता! इथे व्हॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये, म्हणजे बंद होताना तो ज्या कड्यावर टेकतो त्यात, रुतत चाललाय आणि त्याची दांडी रॉकरकडे सरकतेय. पुढे तो पूर्ण बंदच होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हची कड जळते. हेड काढल्यावर ते आडवं करून पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या हवा-धुराच्या वाटेत) डिझेल भरा आणि व्हॉल्व्हच्या कडेने ओल येते का पाहा. थोडी गळती असेल तर पेस्ट लावून घासल्याने भागतं. पण व्हॉल्व्ह आधीच मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा खोल गेला असेल तर घासून तो आणखी खोल जाईल, कॉम्प्रेशन घटेल आणि थंडीत सकाळी हँडल मारून हात दुखतील. तिथे सीटच बदलायची.

आता सीट कोणती? दुकानात हमखास ऐकू येतं, 'पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, सगळ्यात कडक सीट घ्या.' शिसं होतं पेट्रोलमध्ये. त्याचा थर व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांना चिकटू देत नसे. देशभर ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. डिझेलमध्ये ते कधी नव्हतंच. त्यामुळे ही काळजी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या जुन्या इंजिनांची, किंवा गॅसवर चढवलेल्यांची. त्यांना एक्झॉस्टला कडक मिश्रधातूची सीट खरोखर हवी. डिझेल इंजिनाला कंपनीच्या पार्ट नंबरची मिश्र बिडाची किंवा कंपनीने दिली असेल त्याच धातूची सीट पुरते. सीट फार कडक आणि व्हॉल्व्ह जुना, मऊ, अशी जोडी जमवली तर झीज फक्त जागा बदलते. म्हणून एक्झॉस्टची सीट आणि व्हॉल्व्ह जोडीनेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

काही जुन्या हेडला वेगळी सीट नसतेच, ती हेडच्याच बिडात कापलेली असते. तिथे वेगळी सीट बसवायला खाच पाडण्याआधी दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीवर तडा आहे का ते नीट पाहा. पाण्याची पोकळी तिथून जवळच असते. तडा असेल तर दुसरं हेड शोधा.

माझ्या मते निम्मी कामं धातूमुळे नाही, बसवण्यात बिघडतात. लेथवाल्याला आधी सांगा, 'भैया, पहले गाइड.' गाईड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी; सैल गाईडवरून कापलेली सीट कधी गोल येत नाही. दुसरं म्हणजे माप. साधारण ४० मिमीच्या सीटसाठी बिडाच्या हेडमधली खाच ०.०८ ते ०.१० मिमीने लहान असावी. फ्रीझरमध्ये ठेवून ही सीट जेमतेम ०.०२ मिमी आकसते, म्हणून ती ठोकून किंवा प्रेसनेच बसायला हवी आणि खाली तळाला टेकायला हवी. हाताने आत गेली तर ती सैल आहे. मग कडेने पंचाचे ठोके मारून घट्ट केलेलं काम घेऊ नका; सुटलेली सीट पिस्टनवर पडली की खर्च सीटचा राहत नाही.

टेकणीची, म्हणजे सीटवर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या पट्टीची, रुंदी एक्झॉस्टला साधारण दीड ते दोन मिमी, पण मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडकडे जाते. टेकणी फार अरुंद ठेवली तर व्हॉल्व्ह तापतो, फार रुंद ठेवली तर काजळी अडकते.

इंजिन जोडल्यावर पंपावर तासभर चालवा. मग हेडचे नट मॅन्युअलप्रमाणे पुन्हा ओढून टॅपेट तपासा, आणि आठवड्याभराने आणखी एकदा.