आपल्या भागातला एक रस्ता गाड्यांविना चालवून पाहायचा असेल तर

मुंबईचा मध्यभाग गाड्यांसाठी बंद करावा की नाही, यावर हिरिरीने वाद घालणारे पुष्कळ भेटतात. पण फोर्ट, काळबादेवी आणि दादर यांना एकच नियम लावता येणार नाही, एवढे मान्य केले तर प्रश्न आवाक्यात येतो. संपूर्ण भाग बंद करण्याचा आग्रह सोडून एक रस्ता, ठरावीक वार आणि ठरावीक तास एवढ्यावरच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

रस्ता निवडताना तिथे चालणाऱ्यांची गर्दी आधीपासून आहे का, स्टेशन जवळ आहे का आणि गाड्या वळवायला शेजारी दुसरा रस्ता आहे का, हे पाहावे. दादर पश्चिमेला स्टेशनकडून शिवाजी पार्ककडे जाणारा रानडे रोड या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. निवडलेल्या रस्त्यावरून बेस्टची बस जात असेल, तर बंदी खासगी गाड्यांपुरतीच ठेवावी.

त्यानंतर मोजणी करावी, आणि ती वाहनांची नव्हे, तर माणसांची. नाक्यावर दोघांनी वही घेऊन उभे राहावे. एकाने चालणारे मोजावेत, दुसऱ्याने गाड्यांत बसलेली माणसे, चालक धरून. टॅक्सीचा चालक मात्र वगळावा, म्हणजे रिकामी टॅक्सी शून्यात जाते. सकाळी दहा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात अशा तीन वेळांना पंधरा-पंधरा मिनिटे, एक शनिवार आणि एक मधला वार, एवढे पुरते. आमच्या पहिल्या मोजणीत ‘उभ्या गाड्या’ हा रकाना आखायचाच राहिला होता. रस्ता अडतो तो धावणाऱ्या गाड्यांपेक्षा कडेला दुहेरी रांगेत लावलेल्या गाड्यांमुळे, हे तिथे तासभर उभे राहिल्यावर लक्षात आले, आणि पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा करावे लागले.

खरा विरोध मालाच्या चढउतारीवरून होतो, म्हणून दुकानदारांच्या सभेआधी टेम्पोवाले, हातगाडीवाले आणि माथाडी कामगार यांच्याशी बोलावे. दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे, त्यामुळे माल रात्री किंवा पहाटे आणावा लागतो. आपल्याकडे दुकानांच्या डोक्यावरच बिऱ्हाडे असतात आणि मध्यरात्री टेम्पोचे फळकुट आपटल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. तेव्हा माल उतरवायला सकाळी सात ते नऊ ही वेळ दुकानदार आणि रहिवासी दोघांनाही सोसवेल असे वाटते. इमारतीच्या आवारात गाडी लावणाऱ्या रहिवाशांना पास द्यावेत. अडथळे एका माणसाला सरकवता येतील असेच असावेत आणि तिथे माणूस सतत हजर असावा, कारण अग्निशमन दलाचा बंब किंवा रुग्णवाहिका आल्यावर किल्ली शोधत बसता येत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत फेरीवाले कुठे बसतील, हेही आधीच ठरवावे.

परवानगीसाठी वाहतूक पोलीस आणि महापालिकेचे वॉर्ड ऑफिस (दादरसाठी जी-उत्तर) या दोघांकडे एकाच दिवशी अर्ज द्यावा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार वाहनांवर निर्बंध घालता येतात, आणि ते एका महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसतील तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून अर्जात चार शनिवारच मागावेत.

२०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी काही रस्ते रविवारी सकाळी गाड्यांना बंद ठेवले होते, त्याचा दाखला जरूर द्यावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये. रविवारच्या सकाळी सायकल फिरवणे वेगळे आणि शनिवारी संध्याकाळचा बाजार चालवणे वेगळे. त्यापेक्षा पुण्यात ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी बाजाराच्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवला जातो, ते आपल्या कामाला अधिक जवळचे आहे.

चार शनिवारांत त्याच नाक्यावर, त्याच वेळांना पुन्हा मोजावे, आणि वळवलेली वाहतूक जिथे गेली त्या रस्त्यावरही दोघांना उभे करावे. तिथल्या वहीत उभ्या गाड्यांचा रकाना विसरू नये.